२१४७४८३६४७ या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या वाचायची कशी, आणि तिचं एवढं नाव का?

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. स्वल्पविराम देऊन लिहिली तर २,१४,७४,८३,६४७.

नाव होण्याची कारणं दोन, आणि दोन्ही एकमेकांना न ओळखणारी. गणितात ती प्रसिद्ध आहे कारण ती मूळ संख्या आहे, आणि १७७२ पासून पुढची ऐंशीहून जास्त वर्षं माणसाला ठाऊक असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती. संगणकाच्या जगात ती प्रसिद्ध आहे कारण ३२ बिटांच्या चिन्हांकित (धन आणि ऋण दोन्ही ठेवणाऱ्या) पूर्णांकात मावणारी ती सर्वांत मोठी संख्या आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ती बहुधा चूक शोधताना भेटते आणि गणिताच्या विद्यार्थ्याला मूळ संख्यांच्या इतिहासात.

पण दिसायला तर अगदीच ओबडधोबड आहे. हिच्यात विशेष ते काय?

दशमान पद्धतीत पाहिलं तर खरंच काही नाही. दहा अंक आहेत, त्यांत ०, ५ आणि ९ येत नाहीत, ४ तीनदा येतो, अंकांची बेरीज ४६ होते. उलटी लिहिली तर ७४६३८४७४१२ मिळते, ती मात्र सम. अशा गमती गोळा करणारे बरेच आहेत, पण माझ्या लेखी त्यांना फारशी किंमत नाही. आपण दहाच्या गटांनी मोजतो म्हणून त्या दिसतात, पाया बदलला की विरून जातात.

द्विमान पद्धतीत लिहा, म्हणजे हिचा खरा चेहरा दिसेल: सलग ३१ वेळा १, मध्ये एकही शून्य नाही. २ चा ३१ वा घात द्विमानात १ वर ३१ शून्यं असा दिसतो, त्यातून १ वजा केला की सगळी शून्यं जाऊन ३१ एकं उरतात. म्हणजे ही संख्या २^३१ − १ आहे (^ या खुणेचा अर्थ ‘चा घात’). आठाच्या पायात ती १ आणि त्यापुढे दहा वेळा ७ अशी होते. खाली जे जे येणार आहे ते जवळजवळ सगळं या एका रूपातून निघतं.

ती मूळ आहे हे कशावरून?

सरळसोट मार्ग असा: हिचं वर्गमूळ ४६३४०.९ च्या आसपास आहे. तेव्हा ४६३४० पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येनं भाग गेला नाही की काम झालं. पण त्या पल्ल्यात ४७९२ मूळ संख्या आहेत. कागद-लेखणी घेऊन एवढे भागाकार करायचे, तेही एकदाही न चुकता, म्हणजे कठीणच.

अठराव्या शतकातला गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यानं हा ढीग दोन कात्र्यांनी छाटला. समजा ‘क’ ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग २^३१ ला क नं भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. आता २ चे घात एकेक करून घेत गेलो, तर बाकी १ पहिल्यांदा कितव्या घाताला येईल? तो घात ३१ ला भागणारा हवा. ३१ मूळ आहे, त्यामुळे तो १ तरी असेल नाहीतर ३१. पहिल्या घाताला बाकी १ येणं शक्य नाही, म्हणून तो ३१ च. दुसरीकडे फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की (क − १) व्या घातालाही बाकी १ च येते. म्हणजे क − १ ला ३१ नं भाग जातो. क विषम असल्यामुळे क − १ सम आहे, तेव्हा त्याला ६२ नंही भाग जातो. ही पहिली कात्री: विभाजक असलाच तर तो ६२ च्या पटीपेक्षा १ नं जास्त असणार.

दुसरी कात्री आणखी देखणी आहे. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे ६५५३६ चा वर्ग. अर्थात क च्या बाक्यांच्या जगात २ हा पूर्ण वर्ग ठरतो, आणि ज्या विषम मूळ संख्यांबाबत असं घडतं त्यांना ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते.

दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजक २४८ च्या पटीपेक्षा १ नं किंवा ६३ नं जास्त असावा लागतो. ४६३४० पर्यंत असे उमेदवार, ६३ हा पहिलाच संयुक्त निघतो तो सोडून, फक्त ३७२. त्यांतल्याही बहुतेक संख्या उघडउघड संयुक्त: २४९ म्हणजे ३ × ८३, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३. खरे तपासायचे मूळ उमेदवार शंभराच्या आत येतात.

एखादा भागाकार करून दाखवाल का?

पहिला खरा उमेदवार ३११ घेऊ (२४८ + ६३). पूर्ण भागाकार करायची गरज नाही, घात चढवत जायचं आणि बाकी तेवढी सांभाळायची. २^८ = २५६, म्हणजे ३११ ला ५५ कमी, म्हणून −५५ लिहू. त्याचा वर्ग ३०२५, त्यातून ३११ च्या दहा पटी काढल्या की −८५. ही २^१६ ची बाकी. −५५ आणि −८५ चा गुणाकार ४६७५, त्यातून ३११ × १५ = ४६६५ वजा केले की १०. ही झाली २^२४ ची. आता २^७ = १२८ नं गुणलं: १२८०, बाकी ३६. म्हणून २^३१ − १ ला ३११ नं भागल्यास बाकी ३५. शून्य नाही, पुढचा उमेदवार.

हे असंच शेवटपर्यंत करायचं. ऑयलरनं बेर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला पाठवलेल्या १७७२ च्या पत्रात हा निकाल आहे. त्या सुमारास ऑयलरची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. वरची आकडेमोड डोळे मिटून करून पाहावी, म्हणजे त्या माणसाची कल्पना येते.

ऑयलरच्या आधी कुणालाच ठाऊक नव्हतं का?

अंदाज होते, सिद्धता नव्हती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या पिएत्रो कातालदीनं २^१७ − १ आणि २^१९ − १ मूळ असल्याचं नीट तपासून दाखवलं आणि त्या भरात २३, २९, ३१ आणि ३७ हे घातही चालतील असं सांगून टाकलं. चारांतला एकच बरोबर निघाला, ३१. फर्मानं १६४० मध्ये २३ आणि ३७ मोडीत काढले (२^२३ − १ = ४७ × १७८४८१), २९ ची विकेट पुढे ऑयलरनंच काढली.

१६४४ मध्ये मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. त्यातले ६७ आणि २५७ चुकीचे, आणि ६१, ८९, १०७ राहून गेलेले. तरी नाव मर्सेनचंच लागलं, आणि अशा मूळ संख्यांना आज मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१, ५२४२८७ आणि मग आपली, म्हणजे ही आठवी.

घात मूळ असला की २^घात − १ मूळ असतेच ना?

नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. घात मूळ असणं आवश्यक आहे, पुरेसं नाही.

आजच्या पद्धतीनं हे किती पटकन होतं?

२९ पायऱ्यांत. एदुआर लुका यांनी १८७० च्या दशकात शोधलेली आणि डी. एच. लेमर यांनी १९३० च्या सुमारास नेटकी केलेली कसोटी अशी: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घात ३१ असेल तर हे ३१ − २ म्हणजे २९ वेळा करायचं. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त.

सुरुवात सोपी आहे: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथून पुढे वर्ग मोठे होतात, बाक्या काढाव्या लागतात आणि आकडे कसेही उड्या मारू लागतात: ६६९६७०८३८, १९३७२५९४१९… कुठे काही सूत्र दिसत नाही. आणि मग अठ्ठाविसाव्या पायरीला अचानक ६५५३६ येतो. वरच्या दुसऱ्या कात्रीत भेटलेला तोच २^१६. त्याचा वर्ग २^३२, त्यातून २ गेले की आपल्या संख्येची बरोबर दुप्पट. बाकी शून्य. मला या संख्येबाबत सर्वांत आवडणारी जागा हीच.

यात बाकी काढणंही स्वस्त आहे. दशमानात ९ ची कसोटी आपण अंकांची बेरीज करून लावतो. तसंच इथे मोठ्या द्विमान संख्येचे शेवटचे ३१ अंक वेगळे काढून उरलेल्या भागात मिळवायचे, भागाकार करावाच लागत नाही.

परिपूर्ण संख्यांशी हिचा संबंध काय?

स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच होते ती परिपूर्ण संख्या. ६ = १ + २ + ३ हे नेहमीचं उदाहरण. युक्लिडच्या काळापासून ठाऊक आहे की २^क − १ मूळ असेल तर तिला २^(क − १) नं गुणून परिपूर्ण संख्या मिळते. आपल्या बाबतीत तो गुणाकार असा:

१०७३७४१८२४ × २१४७४८३६४७ = २३०५८४३००८१३९९५२१२८

ही एकोणीस अंकी संख्या म्हणजे आठवी परिपूर्ण संख्या. पडताळा दोन ओळींत होतो. तिचे विभाजक दोन प्रकारचे: १, २, ४ पासून २^३० पर्यंतचे दोनाचे घात, ज्यांची बेरीज नेमकी २१४७४८३६४७, आणि १ पासून २^२९ पर्यंतच्या दोनाच्या घातांना आपल्या संख्येनं गुणून मिळणारे, ज्यांची बेरीज (२^३० − १) × २१४७४८३६४७. दोन्ही मिळवा, २^३० × २१४७४८३६४७ तयार.

हीच संख्या १ पासून २१४७४८३६४७ पर्यंतच्या सगळ्या पूर्णांकांची बेरीजही आहे. न(न + १)/२ या सूत्रात घालून पाहा, न + १ म्हणजे २^३१ असल्यामुळे भागाकार आपोआप सुटतो.

इंग्लंडच्या पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहून ठेवलं होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग शून्य, तेव्हा पुढची शोधत बसणार कोण? कोण बसणार याचं उत्तर १८७६ मध्ये लुका यांनी २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवून दिलं, आणि १८८३ मध्ये पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूंनी मधली २^६१ − १ शोधून. ‘निरुपयोगी’ हा शेरा तर खाली दिलेल्या यादृच्छिक संख्यांच्या प्रश्नापर्यंतही टिकत नाही.

ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

येत नाही, आणि तीन वर्गांचीही नाही. ४ नं भागून बाकी ३ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. ८ नं भागून बाकी ७ उरली तर तीन वर्गांचाही मार्ग बंद. ही दोन्हींत सापडते. चार वर्ग मात्र कोणत्याही संख्येला पुरतात, हे लाग्रांजनं १७७० मध्ये सिद्ध केलं. इथे असं जमतं:

४६३३९² + ४२५² + १०² + १² = २१४७३०२९२१ + १८०६२५ + १०० + १ = २१४७४८३६४७

वर्गमूळाच्या अगदी जवळच्या ४६३४० पासून सुरुवात करू नका. तो वर्ग वजा केला की ८८०४७ उरतात, आणि त्यांनाही ८ नं भागल्यावर बाकी ७ च. एक पायरी खाली उतरलं की लगेच सुटतं. अशा आणखी मांडण्या आहेत.

शेजारच्या संख्या कशा आहेत?

वरची २१४७४८३६४८ म्हणजे निव्वळ २^३१, दोनाशिवाय दुसरा मूळ अवयव नाही. खालची २१४७४८३६४६ उलट्या स्वभावाची, छोट्या अवयवांनी खच्चून भरलेली: २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

हिला जुळी मूळ संख्या आहे का?

नाही. दोन कमी केले तर शेवटी ५ येतो, दोन वाढवले तर ३ नं भाग जातो. आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९. रांगेत क्रमांक लावला तर ही १०,५०,९७,५६५ वी मूळ संख्या.

संगणकाची सीमाच नेमकी मूळ संख्या निघाली, हा योगायोग का?

निव्वळ योगायोग. ३२ बिटांतला एक धन-ऋण चिन्हासाठी जातो, उरलेल्या ३१ ठिकाणी सगळी एकं भरली की ही संख्या. यंत्र बनवणाऱ्यांना २ च्या घातांत बिटं हवी होती, ती मूळ असावी म्हणून कुणी अडून बसलं नव्हतं. भावंडांकडे पाहिलं की खात्री पटते. ८ बिटांची सीमा १२७ मूळ आहे, पण १६ बिटांची ३२७६७ = ७ × ३१ × १५१. आणि ६४ बिटांची ९२२३३७२०३६८५४७७५८०७ ला तर ७ नंच भाग जातो, कारण ६३ हा घातच संयुक्त आहे.

सीमा ओलांडली तर काय होतं? बहुतेक यंत्रांत १ मिळवला की थेट −२१४७४८३६४८ वर उडी पडते. ४६३४० चा वर्ग सुखरूप मावतो, ४६३४१ चा वर्ग −२१४७४७९०१५ दिसतो. एखाद्या गणनयंत्रणेत धन संख्यांचा वर्ग ऋण आला, तर संशय आधी इथेच घ्यावा.

मग २०३८ सालचं प्रकरण ते हेच?

हो. अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. ते मोजमाप ३२ बिटांत असेल तर १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी ते २१४७४८३६४७ वर पोहोचेल. पुढच्या सेकंदाला घड्याळ १३ डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. उपाय माहीत आहे, ६४ बिटं वापरायची. अडचण आहे ती जुन्या, कुठेतरी बसवून विसरल्या गेलेल्या उपकरणांची.

यादृच्छिक संख्यांसाठी ही का वापरतात?

इथे मूळ असणं खरोखर कामी येतं. ७ चे घात घेत जा आणि दर वेळी २१४७४८३६४७ नं भागून बाकी ठेवा. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय १ परत येत नाही. नुसत्या ७ नं गुणलं तर सुरुवातीचे आकडे फार शहाण्यासारखे वागतात, म्हणून ७^५ = १६८०७ नं गुणतात. ५ आणि २१४७४८३६४६ यांना सामाईक अवयव नाही, त्यामुळे फेरी तेवढीच लांब राहते. रांग अशी सुरू होते: १, १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८… १ नंतर दहा हजाराव्या वेळी १०४३६१८०६५ यायला हवा. आपला प्रोग्रॅम बरोबर आहे का हे पाहायला हा आकडा हाताशी ठेवतात.

पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये ही कृती किमान दर्जा म्हणून सुचवली. आज मात्र गंभीर कामाला ती तोकडी पडते, दोन अब्जांची फेरी साधा संगणक काही सेकंदांत संपवतो. पासवर्ड किंवा सांकेतिक लेखनासाठी तर ती अजिबात वापरू नये. एक आकडा कळला की पुढचे सगळे कळले.

३१ स्वतःच मर्सेन मूळ संख्या आहे. मग २^२१४७४८३६४७ − १ पण मूळ असेल का?

प्रश्न स्वाभाविक आहे, कारण साखळी मोहात पाडणारी आहे: २^५ − १ = ३१, २^३१ − १ आपली, मग पुढची कडी का नको? अशा दुहेरी मर्सेन मूळ संख्या आजवर चारच सापडल्या आहेत: ७, १२७, २१४७४८३६४७ आणि २^१२७ − १.

पुढची कडी तुटते. २^२१४७४८३६४७ − १ ही ६४ कोटींहून जास्त अंकांची संख्या, पण तिला २९५२५७५२६६२६०३१ नं निःशेष भाग जातो. हा विभाजकही ऑयलरच्या पहिल्या कात्रीत बसतो का, ते पाहता येतं. तिथे ६२ म्हणजे घाताची दुप्पट होती, इथे घाताची दुप्पट ४२९४९६७२९४. तिला ६८७४५ नं गुणा आणि १ मिळवा.